कोन्नगरच्या दुमजली पलंगाची हकिकत

प्रथम विघ्नहर्त्याचे स्मरण करून, मग निद्रादेवीस वंदन करून, आणि त्याउपरी डासांचा बंदोबस्त करून ही हकिकत लिहावयास घेतली असे. पृथ्वीवर राज्ये किती जाहली आणि किती बुडाली याची मोजदाद थोरांनी केली. परंतु भावंडांनी निजावे कोठे, या एका कलमावरून घरोघर जी युद्धे जाहली त्यांचे दप्तर कोणी राखिले नाही. ती उणीव भरून निघावी म्हणून बंगाली सन चौदाशे एकतीस, माहे ज्येष्ठ, आंबा ऐन रंगात आणि उकाडा शिगेस पोहोचला असता, गंगाकाठी कसबे कोन्नगर येथे तलापात्रांचे घरी जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले, पदरचे तिखट-मीठ लाविले नाही. लेखक त्याच घरी तळमजल्यावर वीस वर्षे बिऱ्हाड करून आहे. पूर्वी आमचे मराठे लोक, ज्यांस येथे बर्गी म्हणतात, या मुलखात घोड्यांवरून लूट करून गेले तो प्रकार निराळा. त्याची धास्ती घालून येथील आज्या मुलांस अद्याप निजवितात, आणि ते कानी पडले म्हणजे लेखक जिन्यात खाली मान घालून उभा राहतो. सबब या मोहिमेत लेखकाने कोणाचीच बाजू घेतली नाही, फक्त पलंगाचे एक टोक धरिले.

ऐसियास, घराणे थोर. कर्ते पुरुष राजमान्य राजेश्री नीलाद्रीबाबू, शाळेत भूगोलाचे मास्तर, पृथ्वीचा व्यास तोंडपाठ, आपला चष्मा कोठे ठेविला ते मात्र कुटुंबास विचारावे लागे. कुटुंब सौभाग्यवती सुदेष्णादेवी, नगरपालिकेच्या ग्रंथालयाच्या कारभारी. त्यांनी नुसती मान वर करून पाहिले तरी कोन्नगरातील पेन्शनर वर्तमानपत्राचे पान दम धरून उलटीत, ऐसा दरारा. नीलाद्रीबाबूंच्या मातोश्री शेफालिकादेवी, ज्यांस सर्व घर ठाकुमा म्हणे, त्यांचा अंमल जमिनीवर थोडा आणि पलंगांखाली बहुत. तो प्रकार पुढे येईल. आणि या सर्वांचे वारस दोन, कन्या टुस्की, वय नऊ, आणि पुत्र गाबलू, वय पाच. दोघांची कागदोपत्री नावे लांबलचक संस्कृत असून ती शाळेच्या हजेरीवाचून कोणी घेत नाही.

ही दोन्ही मुले एका लहान खोलीत, एका जुन्या खाटेवर, एका मच्छरदाणीत निजत असत. गाबलू रात्री पूर्वेस डोके करून निजे आणि मग पश्चिम, दक्षिण, उत्तर ऐशा सर्व दिशा पादाक्रांत करून पहाटे त्याचे दोन्ही पाय टुस्कीच्या मुखावर मुक्काम करीत. नीलाद्रीबाबूंनी यास परिवलन म्हणतात ऐसा खुलासा केला आणि टुस्कीने तो मान्य केला नाही. शिवाय त्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक जीवाचा आपापला पाशबालिश, म्हणजे कवेत घेऊन निजावयाचा लांब लोड, तोही सोबत. एक खाट, दोन मुले, दोन पाशबालिश आणि चार पाय, त्यांतले दोन फिरते, ऐसी दाटी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या मुलखात मच्छरदाणी म्हणजे केवळ जाळी नव्हे. सांजवेळी चारी दोऱ्या बांधून चारी कडा गादीखाली खोचिल्या म्हणजे घराच्या पोटात एक घर उभे राहते; बाहेरचे बोलणे आत ऐकू येते परंतु आतल्यास जाब कोणी विचारीत नाही. ज्यास स्वतःची खोली नाही त्यास स्वतःची मच्छरदाणी हीच दौलत. टुस्कीस ती दौलत पाहिजे होती. तिने चौथीत गेल्याच्या दिवशी मातोश्रींचे हुजुरास अर्ज गुदरला तो शब्दशः येणेप्रमाणे: “मा, मला माझी मच्छरदाणी हवी. फक्त माझी. तिच्यात पुस्तक चालेल, टॉर्च चालेल. गाबलूचे पाय नकोत.”

मग मसलत बसली. पलंग दोन जातींचे. एक दुमजली, ज्यास लोक बंक म्हणतात, एकावर एक, वर चढण्यास शिडी. दुसरा पोटपलंग, ज्याच्या पोटातून रात्री दुसरा पलंग चाकांवर बाहेर ओढावा आणि सकाळी आत लोटून द्यावा. दुमजली घेतल्यास मजले दोन, सबब मच्छरदाण्या दोन. पोटपलंग घेतल्यास दोन्ही बिछाने शेजारी शेजारी, सबब एकच मोठी मच्छरदाणी दोहोंवर पडणार आणि टुस्कीचे राज्य उभे राहण्यापूर्वीच बुडणार. वडील माणसे लाकूड, पॉलिश आणि कोपऱ्यांची गोलाई यांवर बोलत राहिली. खरे कलम मच्छरदाणीचे, हे टुस्कीवाचून एकास ठाऊक होते, तो गाबलू. आणि त्यास एकच मच्छरदाणी पाहिजे होती, सबब तो पोटपलंगाचा कट्टर पक्षपाती होऊन बसला.

“दिदी वरून पडली तर?” त्याने सचिंत मुद्रेने विचारिले.

“मी पडणार नाही. फिरत कोण असतं? तू की मी?”

“मी फिरत नाही. तूच सरकत जातेस.”

ठाकुमांनी दुमजलीच्या विरुद्ध आपले मत दिले. “माणसानं इतकं उंच निजू नये बाई. हे काय रेल्वेसारखं. रात्री टीसी येऊन उठवणार का माझ्या नातीला?” सुदेष्णादेवींनी सर्वांचे ऐकून घेतले आणि मग हुकूम फर्माविला की दुमजलीस हरकत नाही, कठडा मजबूत पाहिजे, आणि टुस्कीने वरच्या मजल्यावर बसून हात पूर्ण उंचाविला तरी तिची बोटे आणि छताचा पंखा यांत एक वीत अंतर राहिले पाहिजे, एक बोट कमी पडले तरी दुमजली रद्द समजून पोटपलंग आणविला जाईल, मग कोणाची रदबदली चालणार नाही.

हे ऐकून नीलाद्रीबाबूंस स्फुरण चढले. आजवर त्यांनी पर्वतांच्या उंच्या फळ्यावर लिहिल्या, स्वतः काही मोजण्याचा योग आला नव्हता. फीत आणिली, शिडी आणिली, खोलीचा नकाशा प्रमाणासह काढून भिंतीस डकविला. जमिनीपासून पंख्याच्या पात्यापावेतो आठ फूट तीन इंच. दुकानातल्या दुमजलीच्या पायाच्या बुडापासून वरच्या गादीपावेतो बरोबर चार फूट. टुस्कीस जमिनीवर बसवून हात वर करविला, तो साडेतीन फूट. बाकी उरले नऊ इंच, म्हणजे शुद्ध एक वीत. नीलाद्रीबाबूंनी नकाशावर तांबड्या शाईने ‘एक वीत’ ऐसे लिहून खाली सही केली आणि सुदेष्णादेवींनी ती तपासून मान हलविली. त्या रात्री टुस्कीने गाबलूचे पाय तोंडावर घेऊनसुद्धा गाढ झोप काढिली.

गुरुवारी प्रातःकाळी निमाई मिस्त्री दोन गडी घेऊन पलंगाचे सुटे अवयव हातगाडीवर घालून दाखल जाहले. जिना चिंचोळा, वळण कठीण, तेथे पाऊण घटका तुंबळ जाहले आणि वळणावरील भिंतीचा चुना गळून धारातीर्थी पडला. लेखकाने टोक धरिले ते याच प्रसंगी. मग जुनी खाट काढून खोलीत पलंग जोडून उभा राहिला आणि गडी हत्यारे आवरीत असता बाकी मंडळी शरबत प्यावयास बाहेरच्या खोलीत गेली.

ठाकुमा गेल्या नाहीत. त्या घरी पुष्कळ वर्षांपूर्वी, कुटुंब तळमजल्यावर राहत असता, गंगेचे पाणी शिरले होते आणि तेव्हा सर्व खाटा पायागणिक तीन-तीन विटांवर चढविल्या होत्या. पाणी तीन दिवसांत उतरले. विटा उतरल्या नाहीत, कुटुंब वर राहावयास गेले तेव्हा त्याही वर गेल्या. कारण विटांनी खाटेखाली जो मुलूख मोकळा जाहला त्यावर ठाकुमांनी तत्काळ ठाणी बसविली आणि मुलांच्या जुन्या खाटेखाली तर त्यांचा मुख्य खजिना. पत्र्याच्या दोन ट्रंका, मुडीचा म्हणजे चुरमुऱ्यांचा मोठा डबा, कासुंदीच्या म्हणजे मोहरीच्या चटणीच्या बरण्या, पूजेची पितळ, आणि कैलासवासी आजोबांची हार्मोनियम जिचा एक सूर वाजत नाही. त्या घरी पलंग म्हटला म्हणजे त्यास पाय असतात, आणि पाय म्हटले म्हणजे त्यांखाली विटा असतात. कोणी घाल म्हणावे लागत नाही, कोणी घातल्या हे दिसत नाही. ठाकुमांनी मिस्त्रींच्या गड्यांस खूण केली, गड्यांनी पलंग एकेक बाजूने उचलिला, जुन्या खाटेच्या बारा विटा नव्या पायांखाली गेल्या, खजिना पूर्ववत आत गेला, वरून चादर सोडिली, आणि हे सर्व शरबताचा एक पेला संपेतो पार पडले. गडीही कोन्नगरचेच, त्यांच्याही घरी तैसेच. त्यांस यात नवल ते काय.

मग परीक्षेची वेळ आली. पंखा बंद केला. टुस्की शिडीवरून वर गेली, सर्व घर खाली मान वर करून उभे, तिने मांडी घातली, हात उंचाविला, आणि तिचे मधले बोट पंख्याच्या पात्यास खट् म्हणून लागले.

नीलाद्रीबाबूंनी भिंतीवरील आपल्या सहीकडे पाहिले. सुदेष्णादेवींनी नीलाद्रीबाबूंकडे पाहिले. पंख्याचे पाते किंचित हलले आणि स्थिर जाहले. गाबलूच्या मुखावर मात्र नवमीचा चंद्र उगवला.

“रविवारी दुकानवाला गाडी पाठवणार आहे. हा परत जाईल, पोटपलंग येईल,” सुदेष्णादेवी म्हणाल्या. “तोवर दोघांनी खालच्या मजल्यावर निजायचं.”

“पण बाबांनी मोजलं होतं!” टुस्की वरून म्हणाली.

“बाबांनी मोजलं होतं म्हणूनच म्हणते.”

मग नीलाद्रीबाबूंनी दोन दिवस शर्थ केली. जमिनीपासून पंखा पुन्हा मोजिला, आठ फूट तीन. पलंगाच्या पायाच्या बुडापासून गादी पुन्हा मोजिली, चार फूट. वजाबाकी कागदावर केली, फळ्यावर केली, शेजारच्या गणिताच्या मास्तरांकडून तपासून आणिली; तीतही नऊ इंच शिल्लक, आणि पंख्याशी एक इंच नाही. तेव्हा संशय टुस्कीवर गेला. तिला दाराच्या चौकटीशी उभी केली, तो वैशाखातील खुणेच्या वर एक बोटसुद्धा वाढलेली नव्हती. मग निमाई मिस्त्रींस बोलावणे गेले. मिस्त्री विडी कानावर ठेवून पलंगाभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, “मास्टारमोशाय, लाकूड पावसात फुगतं हे खरं. पण नऊ इंच फुगलं तर मी धंदा सोडून कीर्तन करीन.”

“पंखाच खाली उतरला असेल,” ठाकुमा म्हणाल्या. “तुझ्या बाबांच्या वेळचा आहे नीलू. वय झालं की सगळेच थोडे वाकतात.”

“मा, मी पंखा तीनदा मोजलाय.”

“तू लहानपणी भातुकलीचा भातही तीनदा मोजायचास. तरी कमी पडायचा.”

सुदेष्णादेवी यात पडल्या नाहीत. परंतु जाता येता भिंतीवरील तांबड्या शाईचा ‘एक वीत’ वाचून एक बारीक हुं ऐसा उच्चार करीत, आणि तो हुं नीलाद्रीबाबूंस तोफेच्या गोळ्यासारखा लागे. या सर्व शोधात चारही पाय विटांवर उभे होते, चादरीखालून विटांचे तांबडे कोपरे दिसत होते, फितीचे टोक दर वेळी विटेस टेकत होते, आणि कोणाच्याही नजरेस वीट आली नाही. लेखकानेही पाहिली नाही. वीस वर्षांत त्याची स्वतःची खाटही तीन विटांवर चढली आहे.

शनिवारी सायंकाळ जाहली. टुस्की रडली नाही. ती वर गेली, आणि पहिल्याच दिवशी आपल्या राजधानीत जे नेऊन ठेविले होते ते एकेक करून खाली आणू लागली. ग्रंथालयाची दोन पुस्तके, टॉर्च, टिनाची पेटी, आणि एक कोरी नवी लहान मच्छरदाणी, जी तिने मातोश्रींबरोबर बाजारात जाऊन स्वतः निवडिली होती आणि जिची घडीसुद्धा अद्याप मोडली नव्हती. ती मच्छरदाणी दुकानात परत देता यावी म्हणून तिने कागदी पिशवीत पुन्हा नीट भरिली. सुदेष्णादेवी दारात उभ्या राहून ते पाहत होत्या आणि त्यांनी त्या वेळी हुं म्हटले नाही. त्यांस त्या क्षणी हुकूम मागे घ्यावासा वाटला, परंतु पंख्याच्या पात्याशी सवलत करता येत नाही.

याच वेळी फत्ते जाहल्याच्या आनंदात गाबलू मुडीच्या डब्यावर छापा घालण्यास्तव पलंगाखाली शिरला होता. तो त्या सुमारास शाळेत अंक शिकत असे आणि जे दिसेल ते मोठ्याने मोजल्यावाचून त्यास पुढे जाववत नसे. पलंगाखालून मुडी चावल्याचा आवाज आला आणि मागोमाग गाणे आले: “एक वीट, दोन वीट, तीन वीट. चार वीट, पाच वीट, सहा वीट…” चौथ्या पायाशी पोहोचून तो ओरडला, “बारा! दिदी, आपल्या पलंगाला बारा विटा आहेत!”

नीलाद्रीबाबू चष्मा शोधू लागले, तो डोळ्यांवरच होता. ते गुडघे टेकून जमिनीवर आडवे जाहले आणि चादर वर करून त्यांनी वीट मोजिली. तीन इंच. तीन विटा, नऊ इंच. हरवलेली वीत सापडली.

“मा,” ते जमिनीवरूनच म्हणाले, “या विटा कुणी लावल्या?”

“कुणी म्हणजे? पलंग आहे तो,” ठाकुमा म्हणाल्या. “तुझ्या लग्नाच्या पलंगाला लावल्या तेव्हा कुणी विचारलं होतं? आता इतकी चौकशी!”

गाबलूस आपण काय केले हे समजावयास थोडा वेळ लागला. समजताच तो पलंगाखालून बाहेर आला, तोंडास मुडी चिकटलेली, आणि म्हणाला, “मी चुकलो असेन. परत मोजू?”

परंतु फत्ते अद्याप लांब होती. विटा काढल्या म्हणजे पलंग वीतभर खाली येणार आणि ठाकुमांचा सर्व मुलूख बुडणार. ट्रंका खाली मावणार नाहीत, हार्मोनियम तर मुळीच नाही. ठाकुमांनी ट्रंकेवर बैठक मारिली आणि जाहीर केले की त्यांच्या पश्चात जे करायचे ते करा, तूर्त त्या हयात आहेत. नीलाद्रीबाबूंनी दोन वेळा सामोपचार केला आणि दोन्ही वेळा आजोबांचा विषय निघून माघार घेतली. सुदेष्णादेवींनी सासूबाईंशी युद्ध न करण्याचा तह लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच केला होता, तो त्या पाळीत.

तेव्हा टुस्की स्वतः वकिली करावयास पुढे जाहली. कागदी पिशवी बाजूस ठेवून ती ठाकुमांशेजारी ट्रंकेवर बसली.

“ठाकुमा, तुझ्या खाटेखाली किती विटा आहेत?”

“तीन-तीन. सगळ्यांसारख्या.”

“या बारा पण तूच घे. मग सहा-सहा होतील. तुझ्या खाटेखाली इतकी जागा होईल की हार्मोनियमवर हार्मोनियम मावेल.”

ठाकुमा विचारात पडल्या. “मग मी वर चढू कशी?”

“जलचौकीवरून, त्या बुटक्या चौरंगावरून. तू पण वरच्या मजल्यावर. या घरात फक्त आपण दोघीच वर.”

या शेवटच्या कलमाने काम केले. ठाकुमांनी सुनेकडे एकदा पाहून घेतले, जी अर्थातच खालच्या मजल्यावर राहणार होती, आणि ट्रंकेवरून उठल्या. मग पुन्हा गडी आले आणि निमाई मिस्त्रींच्या देखरेखीखाली बारा विटांची रवानगी शेजारच्या खोलीत जाहली. तेथे त्या एकावर एक मजबूत रचून, सर्वांनी हलवून, खाट निर्धास्त असल्याची खात्री करून घेतली. ट्रंका, मुडी, कासुंदी, पितळ आणि हार्मोनियम यांची मिरवणूक आजीच्या खोलीत गेली. ठाकुमा जलचौकीवरून खाटेवर चढल्या, खिडकीतून पलीकडच्या गल्लीतील दत्तबाईंचे वाळवण दिसते हे त्यांस प्रथमच समजले, आणि त्यांनी मुलाचे मोजमाप उत्तम आहे ऐसा निर्वाळा दिला.

मग टुस्की दुमजलीवर चढली. हात उंचाविला. पंखा आणि बोटे यांत सुदेष्णादेवींनी स्वतः वीत लावून पाहिली, भरली. दुकानवाल्यास गाडी न पाठविण्याचा निरोप गेला.

रात्री साडेनऊ वाजता मच्छरदाणी उभारली. दोन दोऱ्या खिडकीच्या गजांस, एक नीलाद्रीबाबूंनी ठोकलेल्या खिळ्यास, एक शिडीच्या मुठीस. चारी कडा टुस्कीने आतून आपल्या हातांनी खोचिल्या. खाली गाबलूच्या जुन्या मच्छरदाणीत त्यास सर्व दिशा मोकळ्या. टॉर्च लागली, पुस्तक उघडले, आणि राज्य सुरू जाहले.

दहा मिनिटांनी वरून कुणकुण ऐकू आली. राज्यात एक डास शिरला होता. टुस्कीने टाळी वाजविली, तो डास दुसऱ्या कोपऱ्यात. टॉर्च धरावी तर टाळी वाजविता येईना, टाळी वाजवावी तर डास दिसेना. मागील राजवटीत हे काम दोघांचे होते. गाबलू डास हेरी आणि टुस्की मारी. सार्वभौम होताना हे खाते तिच्या ध्यानात राहिले नव्हते.

“गाबलू,” बऱ्याच वेळाने वरून हाक आली. “वर ये. एक मिनिटच. पाय पुसून ये.”

“पाशबालिश आणू?”

“नको.”

“मग नाही येत.”

“बरं, आण. पण जाताना घेऊन जायचा.”

गाबलू आपल्याहून लांब पाशबालिश शिडीवरून ओढीत वर गेला, मच्छरदाणीची एक कडा क्षणभर उघडून लगेच बंद जाहली, आणि त्याने टॉर्च धरिली. “तो बघ! बाबांच्या खिळ्याकडे!” टाळी वाजली. टुस्कीने तळवा उघडिला, तो मधोमध तांबडा ठिपका.

“हे माझं रक्त आहे,” गाबलू अभिमानाने म्हणाला. “आधी मला चावला होता. मला माहीत आहे.”

“बरं, तुझं. आता जा.”

तो तक्रार न करिता गेला. खाली जाऊन निजला, आणि तरी वर पाशबालिश तसाच. टुस्कीने तो पाहिला. खाली वाकून तिने म्हटले, “ए, हा राहिला तुझा.”

“उद्या नेईन,” खालून उत्तर आले, “उद्या पण डास येईल ना.”

टुस्कीने पाशबालिश उचलिला, खाली टाकण्यास कडा अर्धी उचलली, आणि मग ती पुन्हा खोचून टाकिली. पाशबालिश भिंतीच्या बाजूस, आपल्यापासून एक वीत अंतरावर, सरळ ठेविला. गाबलू जन्मात प्रथमच रिकाम्या हातांनी निजला आणि त्या रात्री चारी दिशा मोकळ्या असूनही, सकाळी पाहिले तो, जसा निजला तसाच होता.

येणेप्रमाणे ज्येष्ठ मासी, आंबे संपण्यापूर्वी, कोन्नगरची मोहीम फत्ते जाहली. वरचा मजला, त्याची मच्छरदाणी व आतील टॉर्चसह संपूर्ण अंमल टुस्कीदेवींचा; खालचा मजला व मुडीचे पूर्वापार हक्क गाबलूबाबूंचे; बारा विटा आणि दत्तबाईंचे वाळवण ठाकुमांकडे; भिंतीवरील तांबडी सही नीलाद्रीबाबूंकडे, तीस सुदेष्णादेवींनी त्या दिवसापासून हुं म्हटलेले नाही. वरच्या दरबारी खालच्या मजल्याचा वकील म्हणून एक पाशबालिश कायम राहील, त्याची बदली होणार नाही. सर्व पक्षांनी हे मान्य केले, आणि तळमजल्यावर राहणाऱ्याने साक्ष घातली असे.